बाबा मान हलवतात

३ तारीख, सोमवार

दुकानाची दुरुस्ती आज सुरू व्हायची होती. झाली नाही. आणि यात सुताराचा दोष नाही, हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतंय.

तो चक्क वेळेवर आला होता. डोळे तपासायचं नवं यंत्र महिनाअखेरीस येणार आहे आणि ते ठेवायला आमच्या चष्म्याच्या दुकानात एकच जागा आहे, ती म्हणजे बाबांचा कोपरा. तिथे त्यांची हातांची लाकडी खुर्ची आहे. खुर्चीमागे खुंटीवर त्यांचा दुकानात घालायचा लांब राखाडी कोट आहे, त्याचा घोळ खुर्चीत येतो. त्याच खुंटीवर कोटाच्या वर लोकरी टोपी. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. टोपी काढायला माझा हात होत नाही, म्हणून ते काम मी सुतारावर ढकललं होतं.

त्याने खुर्चीला हात लावला आणि काउंटरमागून आमची खारू म्हणाली, "काका, थांबा. आधी आजोबांना उठू दे की."

खारू माझी मुलगी. वय सात. खारीसारखी सतत काहीतरी कुरतडत असते, म्हणून खारू. सर्दीमुळे आज शाळा नव्हती.

सुतार हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हसत नव्हते, कारण मी चिडले होते. पण त्याने त्याचा भलताच अर्थ घेतला. खुर्ची अलगद खाली ठेवून म्हणाला, "ताई, मी उद्या येतो." सुताराचा उद्या म्हणजे काय, ते मी जाणून आहे.

"कुठे आहेत आजोबा?" मी खारूला विचारलं.

"तिथेच. रोजच बसतात."

"कसे दिसतात?"

"आजोबांसारखेच. फक्त जरा कापसाचे."

४ तारीख, मंगळवार

माझा चष्म्याच्या नंबराशिवाय कशावरही विश्वास नाही. त्यामुळे मी जे करायचं तेच केलं. खारूला तपासणीच्या खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितलं. पोरीने वरपासून खालपर्यंत एका दमात घडाघडा म्हटला. शेवटची बारीक ओळसुद्धा, जिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते. दर वाढदिवसाला मी तिला तपासते आणि दर वेळी हेच. गेल्या वर्षी तर तिने तक्त्याकडे न बघताच म्हणून दाखवला होता, इतकी तल्लख. आमच्या घराण्यात सगळ्यांच्या नाकावर जाड भिंगं, मी स्वतः उणे सातची. ही तेवढी घारीच्या डोळ्यांची निघाली. नवऱ्याच्या घराण्यावर गेली असणार.

तेव्हा डोळ्यांचा प्रश्न मिटला. उरलं डोकं.

दुपारी तिला खोदून विचारलं. आजोबा एकटेच नाहीत म्हणे. संध्याकाळी रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्यावर एक 'कापूसमाणूस' येऊन बसतो. त्याला चेहरा नसतो, केस मात्र चारी बाजूंनी उभे असतात. जवळ गेलं की लाजून पळून जातो.

यांना सांगितलं. हे बस चालवतात, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाले, "अगं, त्यात काय! सलग दोन फेऱ्या झाल्या की मलाही रस्त्यात माणसं दिसतात. परवा एकासाठी ब्रेकही मारला."

"आणि?"

"खराच होता. शिव्या देऊन गेला."

या माणसाशी गंभीर बोलण्यात अर्थ नाही.

७ तारीख, शुक्रवार

शाळेतून बोलावणं आलं. खारूच्या बाई तशा खमक्या आहेत, पण आज दाराकडे पाठ करून बसायला तयार नव्हत्या. काल वर्गात खारूने त्यांना विचारलं म्हणे, "बाई, तुमच्या मागे ते उंच कोण उभे आहेत?" मागे नकाशाची गुंडाळी होती. बाईंनी वळून पाहिलं, पोरं किंचाळली, शेजारच्या वर्गातली उगीचच किंचाळली. परवा तर कचऱ्याच्या डब्याला तिने "नमस्कार सर" म्हटलं.

"शिवाय फळ्यावरचं काही उतरवून घेत नाही," बाई म्हणाल्या. "विचारलं तर म्हणते, फळ्यावर धुकं आहे. मी तिला शेवटच्या बाकावर बसवलंय."

"का?"

"बाकीची मुलं घाबरतात हो. तिथून तरी सुधारते का पाहू. नाहीतर पुढच्या वर्षी याच वर्गात ठेवावं लागेल."

आज तिथून तर तिने एक ओळही उतरवली नाही म्हणे. हट्टीपणा, दुसरं काय.

९ तारीख, रविवार

आज आईला सगळं सांगितलं. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते आणि दिवसभर खिडकीत बसून लोकरीचं काहीतरी विणते. तिने सुई थांबवली नाही.

"तुलाही दिसायची," ती म्हणाली.

"काय?"

"माणसं. दिव्यांवर. तू त्यांना फुगे म्हणायचीस. एकदा तर बंबाला मावशी समजून त्याच्याशी बोलत बसली होतीस."

मला यातलं काहीही आठवत नाही. म्हटलं, "मग गेली कशी?"

"शाळेत जायला लागलीस, बाबांनी चष्मा दिला, अभ्यासाला लागलीस, गेली."

मला मार्ग सापडला. अभ्यास! रिकामं डोकं म्हणजे भुतांची धर्मशाळा. आजपासून खारूला जादा शुद्धलेखन. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची ओळ विणायला घेतली.

१२ तारीख, बुधवार

शुद्धलेखनाने फरक नाही. डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या आमच्याकडूनच चष्मा घेतात, त्यामुळे लगेच आत घेतलं.

त्यांनी खारूच्या गुडघ्यावर हातोडी मारली, एका पायावर उभं केलं, भरपूर प्रश्न विचारले. खारूने मोकळेपणाने सांगितलं. कापूसमाणसांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. वर मला ठाऊक नसलेलं एक नवीनच काढलं. झोप यायच्या आधी तिचे हात मोठमोठे होत जातात, पलंगाएवढे, आणि खोलीची भिंत लांब लांब जाते, आणि आपण कुठूनतरी वरून बघतोय असं वाटतं.

"भीती वाटते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. मजा येते."

मला एकदम आठवलं. माझेही हात मोठे व्हायचे. कुणाला सांगितलं नव्हतं. हे कसं काय विसरले होते मी?

"पुष्कळ मुलांना असं होतं, आपोआप जातं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकी तब्येत उत्तम. डोळ्यांचं मी विचारत नाही, तुमच्याच घरची आहे."

"तक्ता पाठ फिरवून म्हणते," मी अभिमानाने सांगितलं.

"वा!" त्या म्हणाल्या.

१४ तारीख, शुक्रवार

सुतार आला! उद्या नव्हे, तरी आला. मात्र कोपऱ्याला हात लावणार नाही, समोरच्या भिंतीची कपाटं आधी करतो म्हणाला. सरसाच्या उग्र वासाने डोकं चढलं, म्हणून मी काउंटरवरचा फिरता पंखा लावला.

कप्पा किती उंचीवर घ्यायचा यावरून आमची जुंपली. मी म्हणत होते खांद्याएवढा, तो म्हणत होता डोक्याएवढा. तेवढ्यात खारू म्हणाली, "आजोबा आईला हो म्हणतायत. मान हलवली."

सुताराने मुकाट्याने खांद्याच्या उंचीवर खूण केली. वीस वर्षांत एक सुतार माझं पहिल्यांदा ऐकतोय.

मी कोपऱ्याकडे पाहिलं. मला अर्थात काही दिसलं नाही. खुर्ची, कोट, टोपी.

१५ तारीख, शनिवार

हे लिहू की नको. लिहितेच, इथे कोण वाचतंय.

आज सुतार जेवायला गेल्यावर मी खारूला सहज विचारलं, "दुकानाची पाटी निळी करू का हिरवी, विचार बरं आजोबांना." निळीला मान हलली. हिरवीला हलली नाही. बाबांना निळाच रंग आवडायचा! हे त्या एवढ्याशा पोरीला कुठून कळणार? घरातल्या सगळ्या चादरी निळ्या आहेत, हा भाग वेगळा.

मग आणखी विचारलं. दुपारी अर्धा तास दुकान बंद ठेवावं का? मान हलली. त्या उधारीवाल्या न्हाव्याला चष्मा द्यावा का? मान हलली, दोनदा. बाबा फार मऊ झाले आहेत. जिवंत असताना त्याला दाराच्या आत घेत नसत.

१८ तारीख, मंगळवार

आज सकाळपासून वीज नव्हती. त्यात बाबाही गप्प. तीन प्रश्न विचारले, तिन्हींना उत्तर नाही. "नुसते बसलेत," खारू म्हणाली. मला कळेना, माझं काय चुकलं. न्हाव्याला चष्मा दिला म्हणून रागावले असतील तर त्यांनीच हो म्हटलं होतं. दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा चष्मा दिला, आणि तो छान दिसतं म्हणून घेऊन गेला.

संध्याकाळी वीज आली तसे बाबाही माणसात आले. पाचही प्रश्नांना हो. बाबांचं हे असंच. रुसवा धरायचा, पण जास्त वेळ नाही.

२० तारीख, गुरुवार

शेजारचा शिंपी चहाला आला. बाबांचा कोट त्यानेच शिवलेला. तो खुंटीवर टांगलेला पाहून त्याचा जीव कासावीस झाला. "अहो, असा अडकवू नका, खांदे उतरतात," म्हणून त्याने आपल्या दुकानातून लाकडी हँगर आणला, कोट नीट चढवला, टोपीसुद्धा झटकून ठेवली.

खारू शाळेतून आली आणि दारातूनच ओरडली, "आई, आजोबा आज ताठ बसलेत!"

माझ्या अंगावर काटा आला. शेवटच्या वर्षात बाबा पाठीने पार वाकले होते. म्हणजे तिकडे पाठदुखी बरी होते. आईला सांगितलं तर तिने तोंडाला लोकरीचा गुंडा लावला. रडत असावी. बराच वेळ खांदे हलत होते.

२१ तारीख, शुक्रवार

आज मी खरा प्रश्न विचारला.

बाबांच्या हाताखाली मी अठरा वर्षं काम केलं. काचा घासल्या, काड्या जोडल्या, त्यांचे हात थरथरायला लागल्यावर सगळं दुकान एकटीने ओढलं. या काळात त्यांनी मला एकदाही 'बरं केलंस' म्हटलं नाही. चूक झाली की मात्र चष्मा कपाळावर चढवून बघायचे. शेवटच्या दिवशीही त्यांनी डोळे उघडून काय विचारावं, तर "कुलूप नीट लावलंस का?" मी हो म्हटलं. संपलं.

दुकानात कुणी नव्हतं. पंखा गरगरत होता. मी खारूला म्हटलं, "विचार आजोबांना, आई दुकान नीट चालवते का?"

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. "हलवतायत," ती म्हणाली. मग, "अजून हलवतायत. आई, थांबतच नाहीत."

मी आत जाऊन काचा पुसायची सगळी फडकी धुऊन काढली. धुतलेलीच होती, पण मला रडायला जागा हवी होती.

कोपरा काही हलवायचा नाही. यंत्राचं काय ते बघू.

२४ तारीख, सोमवार

यंत्रवाल्यांचा फोन, शनिवारी आणतोय. शाळेतून निरोप, खारूच्या चाचणीचा कागद कोरा. सुतार म्हणतो, कोपऱ्याचं काय ते बाबांनाच विचारून सांगा. आणि सांगितलं तर हा ऐकणार! माझा स्वतःवर विश्वास नाही इतका याचा बाबांवर बसला आहे.

२५ तारीख, मंगळवार

अरे देवा.

क्रमाने लिहिते. खारूला मी तपासणीच्या काचांची पेटी पुसायला दिली होती. तिला ते काम आवडतं. ती एक एक गोल काच उचलायची, हुं करून वाफ सोडायची, पुसायची, डोळ्यासमोर धरून बघायची आणि परत खाचेत ठेवायची. मी पावती लिहीत होते. एकदम ती किंचाळली.

"आई! आजोबांचा कोट झाला!"

वळून पाहिलं तर पोर एक डोळा मिटून, दुसऱ्यासमोर काच धरून कोपऱ्याकडे बघतेय. काच काढली. "आहेत." धरली. "कोट." काढली. "आहेत." पुन्हा धरली आणि भोकाड पसरलं.

मी तिच्या हातातली काच घेतली. उणे अडीच, लांबचं न दिसणाऱ्यांची.

अक्षरांचा तक्ता उतरवला. माळ्यावरून दुसरा काढला, वाचता न येणाऱ्यांसाठीचा, चित्रांचा. तो खारूने कधी पाहिलेला नाही. दिवा लावला.

"घर," ती म्हणाली. सगळ्यात वरचं, थाळीएवढं चित्र. "मग... मासा? नाही, बूट. आई, पुढे नुसता कापूस आहे."

"मग तो अक्षरांचा कसा गं वाचायचीस?"

"तो वाचायचा असतो?" खारू रडता रडता थांबून म्हणाली. "मला वाटलं, म्हणायचा असतो. तू रोज सगळ्यांकडून म्हणूनच घेतेस की."

ही पोर या दुकानात रांगली. इतर मुलं बडबडगीतं शिकली तेव्हा ही तक्ता शिकली. आणि मी, अख्ख्या गावाला नंबर काढून देणारी बाई, दर वाढदिवसाला तिचं पाठांतर तपासत होते!

हे बसवरून आले. सगळं ऐकल्यावर खुर्चीत बसून हसून हसून यांची मुरकुंडी वळली. "दिव्याखाली अंधार! अगं, दिव्याखाली अंधार!" मी उणे अडीचची काच पेटीत ठेवली.

२६ तारीख, बुधवार

आईला जाब विचारला.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "बाबांनी चष्मा दिला आणि गेली, म्हटलं होतं. तू त्यातला अभ्यास तेवढा ऐकलास."

"मग पुन्हा सांगायचंस! ठणकावून सांगायचंस!"

तिने विणकाम मांडीवर ठेवलं. "सांगणार होते. रोज ठरवायचे. पण तू रोज घरी येऊन सांगायचीस, आज ते असं म्हणाले, आज तसं म्हणाले. ताठ बसले म्हणालीस तेव्हा मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. पोरीच्या डोळ्यांशी खेळ झाला, माझं चुकलंच. पण वर्षभरात घरात त्यांची बातमी म्हणून आली नव्हती गं."

मग आम्ही दोघी चहा प्यालो.

पंख्याचंही आज कळलं. तो फिरत कोपऱ्याकडे आला की वाऱ्याने टोपी डुलते. लावला की हो, बंद केला की मौन. निळ्याला कोपऱ्याकडे होता, हिरव्याला भिंतीकडे. 'थांबतच नाहीत' म्हणाली त्या दिवशी कुणीतरी त्याचं फिरणं बंद करून तोंड कोपऱ्याकडे ठेवलं होतं. सुतारानेच असणार.

म्हणजे बाबांनी ते म्हटलंच नाही. या वयात एका टोपीसाठी इतकं वाईट वाटावं, याची लाज वाटते. पण वाटतंय खरं.

२७ तारीख, गुरुवार

खारूचा चष्मा मी स्वतः केला. अशा सुबक काचा मी आजवर केल्या नाहीत. लाल काड्या, तिच्याच आवडीच्या.

ती घालायला तयार नाही. तिला वाटतं, चष्मा घातला की आजोबा मरतील. "एकदा मेलेत ना ते," ती म्हणाली. "आता पुन्हा कशाला?" यांनी गोळीचं आमिष दाखवलं, बाईंनी पहिल्या बाकाचं. उपयोग शून्य. चष्मा डबीत, डबी बाकाखाली, आणि खारू शाळेत डब्याला नमस्कार करतेय.

२९ तारीख, शनिवार

यंत्र आलं. दुपारी चार माणसं ते घेऊन दारात उभी. सुतार म्हणाला, "ताई, कोपरा?" मी म्हटलं, "यंत्र काउंटरच्या जागी. काउंटर काप." तो खुशीत कामाला लागला. त्याच्या मते हा हुकूम वरून आला होता.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खारूला मांडीवर घेऊन दाराजवळ बसले. कोपरा तिथून सगळ्यात लांब पडतो. दारातून रस्ता दिसतो.

"घाल एकदा," मी म्हटलं. "नाही आवडला तर काढ. काढता येतो, हीच तर चष्म्याची गंमत आहे."

हे तिला नवीन होतं. तिने घातला. आधी रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या झाडाला सुटी सुटी पानं आहेत, हे तिला आज कळलं. शिंप्याला मिशा आहेत हेही. ती बराच वेळ आ वासून बघत राहिली. मग हळूच वळून कोपऱ्याकडे.

"कोट," ती म्हणाली. ओठ थरथरला. तिने चष्मा काढला. थरथर थांबली. "आहेत."

"घालून रस्ता, काढून आजोबा," मी म्हटलं.

"आणि हात मोठे होतात ते?"

"त्याचा नंबर माझ्याकडे नाही. ते तुझं तू ठेव."

तिने मान्य केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू पण काढ ना."

वीस वर्षांत मी दुकानात चष्मा काढलेला नाही. काढला तर मला स्वतःचा हातही नीट दिसत नाही. पण काढला. सगळं दुकान विरघळलं. नवं यंत्र, कपाटं, भिंती, काही उरलं नाही. आणि कोपऱ्यात, आपल्या खुर्चीत, राखाडी कोट घालून, टोपी ओढून, बाबा बसले होते. ताठ.

"दिसले?" खारूने विचारलं.

मी तिचा हात धरला.

"विचार ना काहीतरी."

मी मनातच विचारलं. तोच प्रश्न. त्याच वेळी दारावरून यांची बस गेली. दुकान आलं की हे लांबलचक हॉर्न वाजवतात, सगळी गल्ली दणाणते. दुसरा कुठलाच आवाज ऐकू येत नव्हता.

बाबांनी मान हलवली.

पंखा चालू होता की बंद, ते मला माहीत नाही. चष्मा माझ्या हातात होता, इतक्या लांबचं मला दिसत नाही.